तिला न सांगता ऐकलेलं

मी एक मोबाइल फोन. आजवर मी फक्त ऐकत आलो, बोलतोय पहिल्यांदाच. बोलायची सवय नाही, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

रंग काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, पाठीवर मळकं रबरी कव्हर. राहतो सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की माणसं ओळखू येतील.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला तुकड्यातुकड्यांनी जोडलं. शेवटी एकीने मला एका पेटीत ठेवून माझा कान तपासला. हिरवा दिवा लागला. कान चांगला असणं ही मोठी लायकी आहे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मला विकत घेतलं हवालदार जयराज यांनी, मिलिटरी कॅन्टीनमधून. सुट्टीवर येताना त्यांनी मला बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवून आणलं आणि घरात दिलं. घरात तिघं: त्यांचे वडील आप्पासो, बायको आणि मुलगी क्रांती. धाकटा भाऊ विश्वजित शेजारच्याच घरात राहतो, पण त्याचं येणंजाणं, चहापाणी सगळं याच घरी.

सुट्टी संपायच्या सुमाराला जयराजनी माझ्या आत एक बटण सुरू केलं. त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप माझ्यात साठू लागला.

"आप्पा, मी बॉर्डरवरनं फोन करतो तवा तुमी रानात असताय," ते म्हणाले. "आता मी काय बोललो ते सांच्याला ऐकायला मिळंल तुमास्नी."

"आन मी काय बोलायचं त्येला?"

"बोला की. तसंबी माझं ऐकून कवा बोललाय तुमी?"

आप्पा हसले. ते स्वतःही फौजेतच होते, तोफखान्यात. तिथंच त्यांचे कान अर्धे गेले. म्हणून मला मोठ्या आवाजावर ठेवून उजव्या कानाजवळ धरावं लागे.

तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. जयराज जिथे होते तिथे रेंज कधी मिळेल त्याचा नेम नसे. फोन आला की क्रांतीची आई घाईघाईने बोलून घेई. दिवेलागण झाली की सगळी पुढच्या सोप्यात बसत आणि दिवसभराचं रेकॉर्डिंग लावलं जाई. "हिकडं बरफ हाय... मी बरा हाय... क्रांतीचा अभ्यास कसा हाय..." आप्पा मान हलवत उत्तरं देत. "व्हय रं. करतीया अभ्यास. तू कानटोपी घालत जा." पलीकडून उत्तर येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी देत.

मला तेव्हा फार बरं वाटे.

नव्या फोनांत रेकॉर्डिंग सुरू झालं की एक बाई दोन्हीकडच्यांना तसं सांगते. मी त्याआधीचा. मी काही सांगत नाही, गुपचूप टिपतो. बटण एकदा सुरू केलं ते केलंच. जयराजचं कुठलं आणि इतरांचं कुठलं, असा भेद मला कुणी शिकवला नव्हता.

क्रांती दहावीत होती. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही वहीकडे बघायची. पाहुणे आले की पाणी देऊन आत पळायची. तिचा मोकळा आवाज घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होता, अपेक्षाला.

अपेक्षा जैन गल्लीतली, जवाहरकाकांची मुलगी. दोघी एका वर्गात, एका बाकावर. तरीही संध्याकाळी फोन असायचाच. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळे अपेक्षाचं ताट धुऊन झालेलं असे आणि क्रांतीच्या आईचा तवा नुकताच तापायला लागलेला असे. त्याच वेळेला मी वाजायचो.

"जेवलीस?"

"अजून पीठ मळतीया आई. तू?"

"आमचं काय, पाखरं झाडावर यायच्या आत आमची भांडी पालथी."

मग सरांची नक्कल. मग कुणाला कुणाचं कसं वागणं आवडलं नाही ते. मग आवाज खाली आणून, आईचं आणि आजीचं कशावरून वाजलं, बाबा कुणावर चिडले, स्वतःला रात्री कसली भीती वाटते, असलं सगळं. क्रांती परसात जांभ्या दगडावर बसून ऐकायची आणि मधूनच खुदकन हसायची. तेही माझ्यात जायचं.

क्रांतीला रेकॉर्डिंगचं माहीत नव्हतं असं नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे जसं घरातल्यांना माहीत असतं, तसं माहीत होतं. अपेक्षाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच कुणाला वाटलं नव्हतं.

मग गावात विकास सोसायटीची निवडणूक आली.

संचालक निवडून आले, पण खरी चुरस पुढे होती. त्या संचालकांनी आपल्यातला चेअरमन निवडायचा होता. विश्वजितकाकांना चेअरमन व्हायचं होतं. दोन्ही गटांची माणसं बरोबर सारखी भरली आणि मधे एकटे राहिले अपेक्षाचे वडील, जवाहरकाका. ते कुणाच्या गटातून उभे नव्हते. भला माणूस म्हणून लोकांनी निवडून दिलं होतं.

आमच्याकडे अशा वेळी सहल काढतात. सहल म्हणजे काय ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्या गटाचे सगळे संचालक गाडीत घालायचे, लांबच्या हॉटेलात नेऊन ठेवायचे, त्यांचे फोन पिशवीत गोळा करायचे आणि मतदानाच्या दिवशीच गाडी सोसायटीच्या दारात आणायची. मधे कुणी कुणाला फोडायला नको.

दोन्ही गट जवाहरकाकांना न्यायला आले. ते दोन्हीकडे नाही म्हणाले. त्यांनी मुनिमहाराजांपुढे नियम घेतला होता, जैन घरात शिजलेलं सोडून बाहेरचं काही खायचं नाही. हॉटेलात राहून खाणार काय?

या गोष्टीवर कुणाचाच विश्वास बसला नाही.

"नियम न्हाई, निमित्त हाय," विश्वजितकाका सोप्यात बसून म्हणाले. "त्यो तिकडं मिळालाय."

पलीकडच्या गटातही तेच चाललं होतं म्हणे. त्यांना वाटत होतं, तो इकडे मिळालाय.

विश्वजितकाकांनी पारावर जाऊन सरळ विचारलं, "जवाहरआण्णा, मत कुणाला?" तेव्हा जवाहरकाका म्हणाले होते, "मत गुपित असतंय न्हवं? मग गुपितच ऱ्हाऊ दे की."

दोन दिवसांनी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. ते, गुणमालाकाकू, अपेक्षा, सगळीच गेली होती. कुठे, ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

क्रांती शाळेत बाकावर एकटी बसू लागली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मागच्या निवडणुकीत असाच एक संचालक ऐनवेळी फिरला होता. महिन्याच्या आत त्याचा तोडणीला आलेला ऊस पेटला. वायरींचं घर्षण झालं, असं सगळे म्हणाले. त्या उसावरून वायर जात नव्हती, हे कुणी म्हणालं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी, नेहमीच्याच वेळेला, मी वाजलो. नंबर अनोळखी होता.

"क्रांते, मी हाय. कुणी हाय का जवळ?"

"न्हाई. कुठं हाईस तू?"

"ते इचारू नको गं. बाबांनी बजावलंय. लय घाबरल्यात ते. सारखं म्हणत्यात, आपल्या रानाकडं कुणी गेलं तर? मी नुसतं तुझा आवाज ऐकायला लावला. ठेवू?"

"थांब की जरा."

"मतदानाला बाबा येणार हाईत, थेट. तवर कुणाला कायबी बोलू नको. शप्पथ घे."

क्रांतीने शपथ घेतली. मी ती टिपली.

त्याच दिवशी दुपारी जयराजचाही फोन येऊन गेला होता. दिवेलागणीला सोप्यात सगळी बसली. विश्वजितकाकाही होते, चहा पीत. क्रांतीच्या आईने जयराजचं रेकॉर्डिंग लावलं आणि मला आप्पांच्या कानाजवळ ठेवून ती क्रांतीला घेऊन आमटी बघायला आत गेली. जयराजचं बोलणं संपलं. आप्पा म्हणाले, "व्हय रं, व्हय." मला हात लावायला कुणी नव्हतं. माझी रीत अशी की एक फाइल संपली की पुढची आपोआप सुरू होते.

"क्रांते, मी हाय. कुणी हाय का जवळ?"

मोठ्या आवाजात. भर सोप्यात.

क्रांती आतून धावत आली, तोवर फार उशीर झाला होता. काकांनी कप खाली ठेवला होता आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं होतं. "आपल्या रानाकडं कुणी गेलं तर?" हे वाक्य आलं तेव्हा ते किंचित हसले. शेवटी शपथही वाजली. आप्पांना एवढंच कळलं की हा आपल्या मुलाचा आवाज नाही.

काका रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"शाणी हाय आपली पोरगी," ते म्हणाले. "मैत्रीण तिलाच फोन करतीया बघा."

त्यांनी त्या नंबरावर फोन लावून पाहिला. बंद. मग नाव शोधायच्या ॲपमध्ये नंबर घातला. नुसतं 'पाटील' आलं.

"आता ह्यो पाटील कुठं हुडकायचा?" काका म्हणाले. "दगूड मारला तर पाटलालाच लागतोय आपल्याकडं."

दुसऱ्या दिवशी ते लालासाहेब वकिलांना घेऊन आले. वकील त्यांच्याच गटातले, सांगलीच्या कोर्टात जाणारे. बाहेर गाडी उभी होती आणि गाडीत चार पोरं बसून होती. ती उतरली नाहीत, चहालाही आत आली नाहीत.

"पोरीनं मैत्रिणीला बोलतं करायचं आन फोननं ते टिपायचं," काका म्हणाले. "ह्यात काय भानगड?"

क्रांतीच्या आईने दारातूनच विचारलं, "आवं, पर असं चोरून टिपणं गुन्ह्यात बसत न्हाई का?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या दोघांचं बोलणं मधेच तिसऱ्यानं चोरून ऐकलं, तर गुन्हा हाय. आपला फोन, आपलं बोलणं, आपणच टिपलं, तर त्याला सरळ गुन्हा म्हणणारं कलम मला तरी ठाऊक न्हाई. कोर्टात पुरावा म्हणूनबी कधी कधी घेतात."

"झालं तर मग!" काकांनी मांडीवर थाप मारली.

"पुरतं ऐका, विश्वजितराव. माणसाला खासगीपणाचा हक्क हाय. ते टिपलेलं गावभर वाजवलं, कुणाला दमात घ्यायला वापरलं, तर प्रकरण येगळं. मग माझ्याकडं यायचं न्हाई."

"गावभर कोण वाजवतंय? घरातल्या घरात ऐकायचं. जवाहरआण्णाला भेटायचं, च्या प्यायचा, दोन शब्द बोलायचं."

"त्यो भाईरचा च्या पीत न्हाई," आप्पा मधेच म्हणाले. त्यांना नेमकं एवढंच ऐकू गेलं होतं. कुणी हसलं नाही.

तेव्हा क्रांती बोलली. पाहुण्यांसमोर ती बोलल्याचं मी प्रथमच ऐकलं. "आन तिला ठावं नसलं तर?"

"कशाचं?" वकिलांनी विचारलं.

"रेकॉर्डिंग चालू हाय त्याचं."

वकील हसले. "अगं बाळ, ठावं असलं तर ती बोलंल का?"

वकील गेले. त्यांनी सांगितलेल्यातला पहिला अर्धा भाग घरात राहिला, दुसरा त्यांच्याबरोबर बाहेर गेला.

काकांनी क्रांतीला समोर बसवून शिकवलं. शिकवताना आवाज अगदी मऊ होता. "सरळ इचारायचं न्हाई. तिकडं थंडी लय हाय का, म्हणायचं. मग म्हणायचं, आठवडी बाजार कवा असतोय. मग, शाळा दिसती का गं जवळ. ध्यानात येतंय का? आन स्पीकर लावायचा न्हाई, आवाज घुमतोय, तिला कळतंय. टिपायचं काम ह्यो करतोय." असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली.

क्रांतीच्या आईने फक्त एकदा म्हटलं, "भावजी, पोरीला ह्यात नका घेऊ."

"वहिनी, दादा तिकडं हाय तवर ह्या घराची जबाबदारी माझी. का न्हाई?"

ती चुलीकडे वळली. तवा तापला होता, त्यावर भाकरी टाकायची राहिली.

दोन संध्याकाळी गेल्या. मी वाजलो नाही. गाडी मात्र रोज दिवस कलताना दारात येऊन थांबायची. तिसऱ्या संध्याकाळी मी वाजलो. तोच नंबर. क्रांती सोप्यात होती आणि काका समोरच्या खुर्चीत. त्यांनी बोटाने खूण केली. घे.

"जेवलीस?"

"न्हाई."

"मावशीनं आमटी असली तिखट केली, बाबांच्या टकलाला घाम फुटला. आई म्हणती, आता टोपीच धुवायला टाका." अपेक्षा हसली. "क्रांते? ऐकतीस न्हवं?"

क्रांतीने मला कानाशी घट्ट दाबलं. काकांनी दोन्ही दंड चोळून दाखवले. थंडी, थंडीचं विचार.

"तिकडं..." क्रांती म्हणाली आणि थांबली.

"तिकडं काय?"

काकांनी परत दंड चोळले. बाहेर गाडीतल्या कुणीतरी खोकलं.

"अपेक्षा," क्रांती म्हणाली. मागच्या बाकावरून उत्तर द्यावं तशी, एका दमात. "आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय. काका समोर बसल्यात. तू कुठं हाईस ते सांगू नको. ठेव."

पलीकडून काहीच आलं नाही. मी ती शांतताही टिपली, कारण मला थांबता येत नाही. मग अपेक्षाचा आवाज आला. तो मला ओळखता आला नाही.

"आजच?"

"न्हाई."

"मग?"

"पयल्यापासनं. सगळं होतंय."

"म्हंजे मी जे जे..."

"व्हय."

फोन बंद झाला.

मला वाटलं, आता काका हात उचलणार. ते बसून राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, देवळात प्रसादाला करावा तसा.

"मैत्रिणीला जागलीस, बरं केलंस," ते म्हणाले. "पर पयल्यापासनं म्हणालीस न्हवं आत्ता? म्हंजे जुनं सगळं हाय ह्येच्यात. आण हिकडं. एक एक करून ऐकतो निवांत. कुठं मावशी हाय, कुठं मामा हाय, कधीतरी बोलली असंलच की."

 क्रांतीला आठवलं आणि मलाही. दिवाळीच्या सुट्टीत अपेक्षा कोयनानगरला गेली होती, धरणाच्या वसाहतीत, मावशीच्या क्वार्टरमध्ये. जमीन हलली की कपाटातल्या बश्या कशा आपोआप किणकिणतात, घराजवळचं दुकान कुठलं, सगळं तिने रंगवून सांगितलं होतं. ते माझ्या पोटात होतं. नेमकं कुठल्या तारखेला, ते मात्र क्रांतीला आठवत नव्हतं.

ती उठली आणि मला घेऊन आत पळाली. न्हाणीत शिरून तिने कडी लावली.

तिने यादी उघडली. नावं, नंबर, तारखा, खाली खाली जातच होत्या. अपेक्षा कधी आईच्या फोनवरून बोलायची, कधी बाबांच्या, आता या अनोळखी नंबरावरून. मधेमधे जयराज, पुन्हा जयराज. कुठलं कुणाचं ते निवडायला वेळ हवा होता. दारावर थाप पडली.

"क्रांते, दार उघड. खुळ्यावानी करू नको."

ती एक एक करून निवडू लागली. चार, पाच. दुसरी थाप पडली आणि कडी खिळ्यातून हलली.

तिने 'सर्व निवडा' दाबलं. मी माझ्या पद्धतीने विचारलं, सगळं काढून टाकायचं का? मला आवाज असता तर मी तिला सांगितलं असतं, यात तुझ्या वडिलांचं दोन हिवाळ्यांचं बोलणं आहे. पण तिला ते माहीत होतं. ती रडत होती ती त्याच्याचसाठी. तिने 'होय' दाबलं. नंतर जिथे काढलेलं काही दिवस पडून राहतं, त्या पेटीत जाऊन तेही पुसलं.

मी रिकामा झालो. इतक्या दिवसांचा माणसांचा आवाज, आणि काहीच नाही.

दार उघडल्यावर काकांनी मला हिसकावून घेतलं. अंगठा वर खाली फिरवला. मग ते ओरडले, "बापाचा आवाज पुसलास व्हय गं! सोताच्या बापाचा!"

सोप्यात आप्पा उठून उभे राहिले होते. "काय झालं? कुणाला काय झालं?"

क्रांतीच्या आईने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. आप्पा मग म्हणाले, "परत करंल की फोन त्यो," आणि खाली बसले.

काकांनी तिथूनच लालासाहेबांना फोन लावला. "वकील, पोरीनं सगळं रेकॉर्डिंग पुसलं. पुरावा पुसला म्हणून काय कलम लागतंय का बघा."

"सोताच्या घरच्या फोनातलं सोताचं बोलणं तिनं पुसलं," पलीकडून वकील म्हणाले. "मला तरी असं कलम ठाऊक न्हाई, विश्वजितराव."

दुसऱ्या दिवशी काका मला सांगलीला एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मला यंत्राला जोडलं, माझ्यात खोल कुठेतरी चाचपलं. दुखत नाही, पण परकं बोट खिशात फिरावं तसं वाटतं. "मिळालं तर मिळंल, आठवडाभर ठेवा," तो म्हणाला. मतदान तोंडावर होतं. काका शिवी हासडून मला घरी घेऊन आले.

मतदानाच्या दिवशी दोन्ही सहलींच्या गाड्या आल्या. जवाहरकाका एसटीने आले, डोक्याला टोपी, हातात घरच्या दशम्यांची पिशवी. पोलिसांसमोरून आत गेले आणि मत टाकून बाहेर आले. मोजणी झाली. विश्वजितकाका एका मताने चेअरमन झाले.

ते एक मत जवाहरकाकांचं, की पलीकडच्या सहलीतून आलेल्या कुणाचं, हे कुणालाही माहीत नाही. जवाहरकाका आजही सांगत नाहीत.

संध्याकाळी अंगभर गुलाल घेऊन काका घरी आले. त्यांनी क्रांतीच्या तोंडात पेढा कोंबला. "बघ, उगं भ्याली हुतीस. काय झालं का कुणाला?"

त्याच आठवड्यात जवाहरकाकांच्या हळदीतल्या ठिबकच्या नळ्या कुणीतरी कापल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हातभर हातभर अंतरावर. हरलेल्या गटाने की आणखी कुणी, ते कळलं नाही. पंचनामा झाला. उंदरांनी कुरतडल्या असतील, असंही एकजण म्हणाला.

अपेक्षा शाळेत यायला लागली. ती पहिल्या बाकावर बसते, दुसऱ्या मुलीशेजारी. क्रांतीशी भांडत नाही. वही मागितली तर देते. फक्त तिच्यासमोर काही बोलत नाही. मधल्या सुट्टीत कुणाशी गप्पा चालल्या असल्या आणि क्रांती जवळून गेली, की तिचा आवाज खाली जातो.

घरी आल्यावर क्रांतीने एकदा मला हातात घेऊन ते बटण बंद केलं. आईला सांगून केलं. जयराजच्या फोनसाठी आता आप्पाच रानातून लवकर येतात आणि मला मांडीवर घेऊन बसतात. फोन येतो तेव्हा त्यांना निम्मं ऐकू जात नाही. तरी परवा दिवेलागणीला विसरून म्हणाले, "लाव की पोरी, काय म्हणाला त्यो." क्रांती उठून आत गेली.

हे सगळं मी आजच का बोलतोय ते सांगतो. आत्ता, थोड्या वेळापूर्वी, मी वाजलो. अजून दिवस पुरता मावळलेला नाही. पडद्यावर गुणमालाकाकूंचा नंबर होता. क्रांतीने मला उचललं आणि ती परसात गेली.

"मी हाय," अपेक्षा म्हणाली.

"व्हय."

"चालू हाय का?"

"न्हाई गं. बंद केलंय. मी सोता बंद केलंय."



"कशावरनं?" अपेक्षाने विचारलं.

क्रांती शपथ घेईल, तर एक शपथ अपेक्षाने आधी ऐकली आहे, आणि ती सोप्यात सगळ्यांसमोर वाजली होती. बोलणं टिपलं होतं हे वकील कोर्टात दाखला जोडून सिद्ध करून देतील. टिपलं नाही, याचा दाखला कुठे मिळतो, मला ठाऊक नाही.

दोघींतलं कुणी बोलत नाही. ठेवतही नाही. क्रांती परसात जांभ्या दगडावर बसली आहे आणि मी तिच्या कानाला आहे. मला दोन्हीकडचा श्वास ऐकू येतो.

बटण बंद आहे. या घरात ते नक्की सांगू शकेल असा मी एकटाच, आणि माझं बोलणं त्या दोघींपैकी कुणालाच ऐकू जात नाही. तुमच्यापर्यंत ते पोचलं असेल, तर तुमच्यापैकी कुणीतरी अपेक्षाला तेवढं सांगा. लवकर सांगा. ती फोन ठेवायच्या आत.